दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढायची तर कुठे: औंध-मिरज-कोल्हापूर की नगर-लोणार?

दसरा झाला की आमच्याकडे हा विषय निघतोच. पाऊस गेलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात पण कडेनं पिवळे पडायला लागलेले, पोरांची सहामाही संपत आलेली असते आणि मग कोणीतरी म्हणतं यंदा समुद्र नको, महाबळेश्वर नको, जरा वेगळं काहीतरी बघू. माझ्यासाठी वेगळं म्हणजे म्युझियम, आणि रस्त्यात लागणाऱ्या चमत्कारिक गोष्टी, म्हणजे पोटात महाल असलेली विहीर, नदीनं खडकात कोरलेले रांजण, दारं नसलेली घरं असलं काहीबाही. नवरा याला "हिची भंगार सहल" म्हणतो, पण गाडी तोच चालवतो आणि फोटोही सगळ्यात जास्त तोच काढतो, असो.

तर पुण्याहून निघायचं धरून अशा दोन सहली मी केल्यात आणि दर दिवाळीच्या आधी कोणी ना कोणी विचारतंच की यातली कुठली करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पहिली आईबाबांना आणि लेकीला घेऊन केली: लिंब गावची बारामोटेची विहीर, सातारा, औंध, मिरज, खिद्रापूर, कोल्हापूर, कणेरी मठ आणि हायवेनं परत. इकडंतिकडं धरून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. दुसरी दादाच्या फॅमिलीबरोबर, दोन गाड्या: निघोजचे रांजणखळगे, नगर (अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं), शनिशिंगणापूर, संभाजीनगर, लोणार आणि येताना समृद्धी महामार्गावरून सिन्नरचं गारगोटी म्युझियम करून संगमनेरमार्गे पुणे. ही नऊशेच्या आसपास जाते.

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. तीन-चार दिवस असतील, गाडीत साठीच्या पुढचं कोणी असेल किंवा म्युझियम म्हटल्यावर घरातले तोंड वाकडं करत असतील तर कोल्हापूरची बाजू घ्या. पूर्ण पाच दिवस आहेत, पोरं आठ ते पंधरातली आहेत आणि चालवणारे दोघं आहेत तर लोणार. आणि दोन्ही जोडून आठ दिवसांत उरकू असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका, दिवाळीनंतर ऑफिसला जायचंय ना.

आता रस्त्याचं बघू, कारण भांडणं तिथंच होतात. कोल्हापूरकडचा हायवे बरा आहे पण सुट्टीच्या पहिल्या दिवशी खंबाटकीत अडकणं ठरलेलं, आम्ही पहाटे साडेपाचला निघालो तरी घाटात दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत बसले होते आणि मागे सगळं पुणं. सकाळी कात्रजचा बोगदा सहाच्या आत मागं टाकला तर निभावतं. साताऱ्याच्या पुढं हायवे सोडून औंधकडे वळलात की रस्ता साधा आहे, गावागावातून जाणारा, स्पीड नाही पण मजा आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू व्हायला लागते आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात अचानक समोर काळी भिंतच उभी राहते. त्यामुळे त्या भागात सूर्य मावळला की गाडी लावायची, हा आमच्या बाबांचा नियम आणि तो मी आता सगळ्यांना सांगत सुटते.

नगरच्या बाजूला उलटं आहे. सुरुवात वैतागाची, वाघोलीपासून शिक्रापूर-रांजणगावपर्यंत ट्रॅफिक असं की आपण ट्रिपला निघालोय का कंपनीत कामाला हेच कळेना. एकदा निघोजकडे वळलं की मोकळं. आणि परतीला समृद्धी. तिथं 120 ची लिमिट आहे, रस्ता सरळसोट आणि रिकामा, आणि तोच त्याचा प्रॉब्लेम, चालवणाऱ्याला झोप येते. दादाला दोनदा जांभई आल्यावर वहिनीनं सरळ गाडी थांबवून स्वतः चालवायला घेतली. म्हणून म्हटलं चालवणारे दोघं पाहिजेत. टायर निघायच्या आधी बघून घ्या, हवा जास्त भरू नका, तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास पळवायचंय. टू-व्हीलरला तिथं परवानगी नाही, बाईकवाल्यांनी वेगळा रस्ता बघावा.

म्युझियमच्या बाबतीत मात्र दोघांची बरोबरीच होत नाही. कोल्हापूरची बाजू सरळ पुढे आहे आणि त्याचं मुख्य कारण औंध.

औंध हे एवढंसं गाव, साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि यमाईच्या डोंगराच्या अंगावर श्री भवानी म्युझियम. बाहेरून बघितलं तर तालुक्याची कचेरी वाटेल. आत गेलात की रविवर्म्याची आणि चित्रकार धुरंधरांची अस्सल चित्रं, आणि एका कोपऱ्यात हेन्री मूरचं "मदर अँड चाईल्ड". हो, तोच हेन्री मूर, इंग्लंडचा जगप्रसिद्ध शिल्पकार. ते शिल्प औंधात आहे हे पुण्यातल्या आर्टवाल्या लोकांनापण कित्येकदा माहीत नसतं. हे सगळं जमवलं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, औंधचे राजे, स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचं एवढं वेड की संस्थानातल्या शाळांतून पोरांना नमस्कार घालायला लावायचे. म्युझियमची इमारत 1938 ची आणि साधारण त्याच सुमाराला गांधीजींचा सल्ला घेऊन राजानं आपला कारभार लोकांच्या हातात द्यायला घेतला. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची उघडी वसाहत काढली, आणि किर्लोस्करवाडीला माळरान दिलं तेही याच संस्थानानं. म्हणजे राजाला हौस नुसती चित्रांची नव्हती. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या नकलाही भिंतींवर आहेत, कारण औंधच्या पोरांना कुठलं पॅरिस बघायला मिळणार, निदान नक्कल तरी बघू दे, असा तो हिशोब असावा असं मला उगाच वाटतं. वरून येणारा उजेड मऊ असतो, दुपारी गेलात तरी चित्रं छान दिसतात. आई एका रविवर्म्यासमोर वीस मिनिटं उभी होती, साडीच्या काठाकडं बघत. "हा काठ आजीकडं होता गं," एवढंच म्हणाली.

कोल्हापुरात दोन आहेत. न्यू पॅलेस सगळे बघतात, चार्ल्स मँटनं बांधलेला, 1884 ला पूर्ण झालेला, काळ्या दगडाचा, वर घड्याळाचा मनोरा. आत शिकारीचे पेंढे भरलेले वाघ-अस्वलं इतकी की लेक दुसऱ्याच खोलीतून बाहेर आली, तिला नाही आवडलं, आणि मला काही तिला समजवावंसं वाटलं नाही. दरबार हॉल मात्र चुकवू नका. पण माझं मत विचाराल तर टाऊन हॉल म्युझियमला जास्त वेळ द्या. बाग आहे, झाडं आहेत, गर्दी नाही, आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती. ग्रीक लोकांचा समुद्राचा देव, रोमन व्यापाराच्या काळात इथंवर आलेला. बंदरापासून घाट चढून कोल्हापूरपर्यंत हा कुणाच्या पोतडीतून आला असेल याचा विचार करत मी काचेसमोर बसून राहिले, नवरा बाहेर बाकावर झोपला.

साताऱ्याचं शिवाजी महाराज म्युझियमही नव्या इमारतीत चांगलं मांडलंय. लंडनहून तीन वर्षांसाठी आणलेली वाघनखं पहिल्यांदा तिथंच ठेवली होती, 2024 च्या जुलैत, पण ती एका ठिकाणी कायम नाहीत, तेवढ्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करून जा.

आता नगरकडचं. इथं खरं म्हणाल तर दोनच म्युझियमं लक्षात राहण्यासारखी, पण दोन्ही तऱ्हेवाईक. रणगाडा म्युझियम लष्कराचं आहे, 1994 पासूनचं, पन्नासेक रणगाडे आणि चिलखती गाड्या. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉईसची आर्मर्ड कार, म्हणजे खालचा सांगाडा शेठ लोकांच्या गाडीचा आणि वर लोखंडी डबा, चर्चिल, मटिल्डा, सेंच्युरियन, आणि पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन. दादाच्या पोरानं आधी यूट्यूबवर इतकं बघून ठेवलं होतं की तोच आम्हाला सगळं सांगत होता, कुठल्याचं चिलखत किती जाड न् काय. माझ्या लेकीला काडीचा इंटरेस्ट नव्हता, तिनं एका रणगाड्याला हात लावला आणि "आई गं" करून काढला, कारण ऑक्टोबरचं दुपारचं ऊन आणि लोखंड. बहुतेक सगळं उघड्यावर आहे. सकाळी जा, टोपी न्या, पाणी न्या.

दुसरं सिन्नरचं गारगोटी. एमआयडीसीत आहे, बाहेरून कुठल्यातरी फॅक्टरीचं ऑफिस वाटतं, आणि आत स्फटिकं. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात ज्या पोकळ्या राहिल्या त्यात वाढलेली झिओलाईट आणि त्यांच्या सोबतीची खनिजं, हिरवट अपोफिलाईट, गुलाबीसर स्टिल्बाईट, कोबीच्या गड्ड्यासारखी, बर्फासारखी, काही तर कापसाच्या बोंडासारखी. आम्ही थकून गेलेलो, परतीचा दिवस, कुणाला उतरायचं नव्हतं, आणि शेवटी तासभर बाहेर कोणी निघेना. रस्त्यांसाठी, विहिरींसाठी आपण हाच दगड फोडतो आणि त्याच्या पोटात हे असतं!

आणि इथंच लोणारच्या बाजूचं खरं सूत्र लागतं. ती सगळी सहल म्हणजे एकाच काळ्या दगडाच्या तीन तऱ्हा आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्यानं गोटे गरागरा फिरवून खडकात रांजण कोरलेत, माणूस उभा मावेल एवढे खोल, एकाला लागून एक. लोणारला आकाशातून येऊन उल्का आदळली आणि त्याच दगडाची पावणेदोन किलोमीटर रुंद वाटी झाली. आणि सिन्नरला त्याच्या पोटातला ऐवज. दादा सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे तो तर पाच दिवस नुसता हवेत होता. पण हे सूत्र आवडणारी माणसं गाडीत पाहिजेत, नाहीतर बाकीच्यांना ते दगड, दगड आणि दगडच दिसतात. वहिनीचं तसंच झालं आणि तिनं ते बोलूनही दाखवलं.

निघोजबद्दल एक सांगते. झुलता पूल आहे, पूल पार केला की पलीकडं पुणे जिल्हा, पोरांना ते फार आवडतं, एक पाय नगरात एक पुण्यात. पण पावसाळा लांबला असेल तर ऑक्टोबरात पाणी बरंच असतं आणि खळगे बुडालेले असतात, दिवाळीनंतर जास्त छान दिसतात. कडा गुळगुळीत आहेत, शेवाळ असतं, सेल्फीसाठी काठावर जाणाऱ्यांना हात धरून मागं ओढा. शिंगणापूरला आम्ही दर्शनापेक्षा घरंच बघत फिरलो, चौकटी आहेत पण दारं नाहीत, एका बँकेनं 2011 साली तिथं बिनकुलपाची शाखा काढली त्याची बातमी तेव्हा सगळीकडं आली होती. गर्दी खूप, शनिवार टाळा, अमावास्या तर टाळाच.

लोणारवर मात्र थोडं थांबते, कारण नऊशे किलोमीटर कशासाठी जायचं हे तिथं कळतं. काठावरून पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा पोरं गप्पच झाली, हे आमच्या घरात होत नाही. खाली हिरवं गर्द झाडाचं कडं, मध्ये शेवाळी रंगाचं पाणी, आणि काठाकाठानं पडकी देवळं. उतरायला दगडी वाट, पाऊणएक तास लागतो, चढताना जास्त, गुडघ्यांचा प्रश्न असेल त्यांनी वरूनच बघावं, वरूनही छान दिसतं. खाली गेलो तसा वास यायला लागला, उकडलेलं अंडं आणि शिळं पाणी यांच्या मधला. आमच्या गाईडकाकांनी खिशातून हळदीची पुडी काढली. लेकीच्या तळहातावर चिमूटभर ठेवली, वर तळ्याचं पाणी दोन थेंब टाकलं आणि म्हणाले, "आता चोळ बाळा." पिवळी हळद बघता बघता लाल झाली, कुंकवासारखी. पाणी अल्कधर्मी आहे म्हणून, ते सगळं दादानं नंतर समजावलं, पण लेक हात तसाच पुढे धरून वरपर्यंत चढली, धुवायला तयार नाही. हेच पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या जंतूंमुळे, आणि त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. शाळेत सायन्सच्या पुस्तकात जे दोन ओळीत उरकतात ते हातावर बघितलं तर काय होतं ते मी बघितलंय, तिनं परत आल्यावर घरातल्या प्रत्येक गोष्टीवर हळद टाकून बघितली. साबणाच्या पाण्यावर लाल होते. लिंबाच्या रसावर नाही होत. ओटा अजून पिवळा आहे.

आता याच्यासमोर कोल्हापूरच्या बाजूला रस्त्यात काय आहे. निसर्गाचा असा धक्का नाही हे मान्य. कासचं पठार म्हणाल तर फुलं ऑगस्ट-सप्टेंबरची, ऑक्टोबरच्या सुरुवातीला थोडीफार, दिवाळीला गेलात तर वाळकं गवत. इथं जे आहे ते माणसांनी करून ठेवलेलं. लिंबची विहीर हायवेपासून अगदी जवळ आहे आणि तरी निम्मे लोक पुढे निघून जातात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली, 1719 ते 1724, अष्टकोनी, एकशे दहा फूट खोल, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल, खांबांवर कोरीवकाम, खिडकीतून खाली पाणी दिसतं. वर मोटा लावायच्या दगडी धावा आहेत. आम्ही सकाळी आठला पोचलो, कोणी नव्हतं, पारव्यांचा घुमण्याचा आवाज तेवढा खालून वर येत होता. लेकीनं विचारलं मोट म्हणजे काय. बाबांनी हातवारे करून सांगितलं, बैल, नाडा, चामड्याची पिशवी, तिला काही झेपलं नाही. ते शेवटच्या दिवशी सुटलं, थांबा, सांगते.

मिरज बहुतेकांच्या यादीत नसतं आणि ते घाला असं मी हात जोडून सांगते. म्युझियम नाही, एक गल्ली आहे, सतारमेकर गल्ली. दोन्ही बाजूला छोटी दुकानं, दारातच माणसं बसून सतारी-तंबोरे करतायत, वर छताला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, खायचे नाहीत, कडू, जाड सालीचे. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर काढतात, पुन्हा वाळवतात, मग त्याला तुणीच्या लाकडाचा गळा बसतो. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हे काम सुरू केलं, गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआयही, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. पण सांगायचं ते दुसरंच. एक काका तंबोऱ्याची जवारी काढत होते. म्हणजे घोडीचा, ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग केसाएवढा घासायचा, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायचं. "ताई, आता ऐका हं," म्हणाले, तार छेडली, नुसता टंग असा कोरडा आवाज. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवला, इकडं, थोडा तिकडं, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागली, गुंजन सुटलं ते सुटलंच, दुकान भरून गेलं. बाबा गाण्यातले नाहीत, त्यांनीही मान वर केली. "मिळाली जागा," काका म्हणाले आणि चहा सांगितला. तासभर बसलो, काही विकत घेतलं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही.

मिरजेहून नरसोबाची वाडी करून खिद्रापूर. वाडीला कवठाची बर्फी घ्या, बासुंदी घ्या. खिद्रापूरचं कोपेश्वर शिलाहारांच्या काळातलं, त्याच्या स्वर्गमंडपाला मध्ये गोल मोकळं आहे, छप्परच नाही, खाली तेवढाच गोल दगड, भोवती अठ्ठेचाळीस खांब. त्रिपुरी पौर्णिमेला रात्री चंद्र बरोबर त्या गोलावर येतो म्हणून लोक येतात. आम्ही दुपारी गेलो, उन्हाचा गोल जमिनीवर हळूहळू सरकत होता आणि लेक त्याच्यात उभी राहायचा प्रयत्न करत होती.

आणि कणेरी मठ. मला आधी वाटलं होतं सिमेंटचे पुतळे, पिकनिक स्पॉट, शाळेच्या सहली, कशाला जायचं. जायचं म्हटलं ते आईमुळे. सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम म्हणजे अख्खं जुनं गावच उभं केलंय, बारा बलुतेदार, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, न्हावी, वैद्य, शेत, बैल, सगळे माणसाएवढे पुतळे आणि चेहरे इतके खरे की एका आजीबाईंना आईनं चुकून "जरा सरकता का" म्हटलं. आणि तिथं मोट होती. बैल, नाडा, पिशवी, सगळं. लेक पळत आली, "आजोबा, लिंबला हे होतं ना वरती?" बाबांना एवढा आनंद क्वचित झाला असेल. गर्दी असते, सुट्टीत तर फारच, सकाळी उघडल्या उघडल्या जा.

खाण्यात कोल्हापूर जिंकतं, यावर वाद घालायला मी बसणार नाही. साताऱ्याचे कंदी पेढे, कोल्हापूरची मिसळ, तांबडा-पांढरा, वाडीची बासुंदी, आणि दिवाळीच्या आगेमागे रस्त्यालगत गुऱ्हाळं सुरू झालेली असतात, थांबून विचारलं तर गरम काकवी मिळते, पोरांच्या हातात उसाचं कांडं. नगरकडं संभाजीनगरचा नानखलिया लक्षात राहण्यासारखा, आणि त्या दिवसात सीताफळं, टोपल्या भरून रस्त्याच्या कडेला, गाडीत बसून खाल्ली आणि बिया आठवडाभर सीटखाली सापडत होत्या. लोणारच्या आसपास मात्र जेवणाचं आधी ठरवून ठेवा, आम्ही दुपारी तीनला बिस्किटांवर होतो.

राहण्याचंही तसंच. साताऱ्यात, कोल्हापुरात हवं तेवढं मिळतं. लोणारला पर्याय मोजके, एमटीडीसीचं रिसॉर्ट अगदी तळ्यासमोर आहे पण सुट्टीत लवकर भरतं. आम्ही उशिरा जागे झालो आणि वाटेतल्या एका लॉजवर राहिलो, जिथं रात्री अकराला गिझर कुठंय विचारल्यावर मुलानं खिडकीतून समोरच्या टपरीकडं बोट दाखवलं, तिथं सकाळी पाणी तापवून मिळेल म्हणाला. मिळालं, पण चार बादल्या आणि आम्ही आठ जण.

दोन्हीकडं लागू पडणारं एक: सोमवार. सरकारी म्युझियमं बहुतेक सोमवारी बंद असतात आणि दिवाळीच्या मुख्य दिवसांतही काहींना सुट्टी असते. आम्ही एका ठिकाणी सोमवारी साडेअकराला पोचलो, एवढं लांब, आणि गेटला कुलूप, आत वॉचमनकाका खुर्चीवर पेपर वाचत. "उद्या या," म्हणाले. वेबसाईटवर उघडं लिहिलं होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, नुसत्या गूगलवर जाऊ नका. कोल्हापूरची बाजू करणार असाल तर शुक्रवारी निघा, म्हणजे त्याच दिवशी औंध, शनिवारी मिरज-खिद्रापूर, रविवारी कोल्हापूर आणि सोमवारी कणेरी करून घरी, कारण मठ चालू असायची शक्यता जास्त. नगरकडं सोमवार समृद्धीवर घालवा, तिथं काही बंद नसतं.

कोणी म्हणेल गोवा का नाही. कोल्हापूरहून पुढं उतरलात तर गोव्यातही या पद्धतीचं भरपूर आहे, बाणावलीचं गोवा चित्र, जुनी शेतीची अवजारं-गाड्यांचं, आणि तोर्डाचं हाउसेस ऑफ गोवा, रस्त्याच्या मधोमध त्रिकोणी बेटावर जहाजासारखी उभी इमारत, घरांवरचं म्युझियम, बाहेरून बघूनच हसू येतं. पण गोव्याला गेलं की समुद्राकडं जायचं होतं म्हणून घरातले ओढणार आणि म्युझियम राहणार, हा आमचा अनुभव आहे. तुमच्या घरात समुद्राला नाही म्हणायची ताकद असेल तर बघा.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटं दोन्हीकडं फार नाहीत, फरक पडतो तो पेट्रोल, टोल आणि राहण्याच्या रात्रींचा, म्हणजे लोणार महाग पडतं. आम्हाला साधारण दीडपट पडलं, पण दोन गाड्या होत्या.

यंदाचं सांगू? आई म्हणते मिरजेला परत जाऊ, त्या काकांकडं, आणि त्रिपुरी पौर्णिमेला खिद्रापूर. दादाच्या पोराला रणगाडे परत बघायचेत. लेकीला विचारलं तर तिनं कपाटातून हळदीचा डबा काढला. मी अजून बुकिंग केलेलं नाही, पण खिद्रापूरच्या आसपास त्या पौर्णिमेला राहायचं असेल तर तुम्ही आत्ताच फोन लावा, जयसिंगपूर-मिरजेतच खोल्या बघा, आणि अंधारात परत येताना उसाच्या ट्रॉल्या.